ऑटोपायलट ओरडतो तेव्हा: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

बोटीवरच्या ऑटोपायलटच्या, म्हणजे आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राच्या, अलार्मबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. पडद्यावरची अक्षरं कंपनीगणिक बदलतात. एक जण 'ड्राइव्ह स्टॉप' म्हणतो, दुसरा 'रडर रिस्पॉन्स फेल्युअर'. आतलं दुखणं मात्र बहुतेक वेळा एकच असतं, म्हणून उत्तरं दुखण्याप्रमाणे दिली आहेत.

प्रश्न: अलार्म वाजला की आधी काय करायचं? आमच्याकडे जो जवळ असेल तो बटण दाबून आवाज बंद करतो आणि मग बघतो.

हा क्रम उलटा करा. आवाज बंद करणं शेवटून दुसरं काम आहे.

आधी मान वर करून चारी बाजूंना बघा: समोर बोट, जाळं, बोया, किनारा काही आहे का. बघता बघता हात चाकावर न्या आणि 'स्टँडबाय' दाबा. स्टँडबायमध्ये ड्राइव्ह (सुकाणू फिरवणारी मोटर किंवा पंप) सुकाणू सोडतो आणि चाक मोकळं होतं. आता बोट हाताने सुरक्षित दिशेला आणा आणि पडद्यावरची दिशा साध्या होकायंत्राशी ताडून पाहा. मग संदेश वाचा, जमलं तर फोनवर त्याचा फोटो घ्या, आणि त्यानंतर आवाज बंद करा. बऱ्याच यंत्रांत पावती दिली, म्हणजे अलार्म कळल्याचं बटण दाबलं, की संदेश पडद्यावरून जातो. पुढे 'काहीतरी ड्राइव्हचं होतं' एवढंच आठवतं आणि दुरुस्ती करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. शेवटचं काम म्हणजे नोंद: वेळ, संदेश, सुकाणूचा कोन, व्होल्टेज, आणि त्या क्षणी काय चालू होतं (इंजिन, फ्रिज, रेडिओ).

स्टँडबाय दाबूनही चाक सुटलं नाही तर क्लच (मोटर सुकाणूला जोडणारा-सोडणारा भाग) किंवा रिले (विजेवर चालणारा स्विच) अडकला आहे असं समजा आणि सरळ ऑटोपायलटचा ब्रेकर पाडा. तो ब्रेकर कुठे आहे हे बोटीवरच्या प्रत्येकाला अंधारातही सापडलं पाहिजे. ब्रेकर पाडूनही चाक फिरलं नाही तर ड्राइव्ह सुकाणूच्या आर्मला जोडणारी पिन काढायची. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ड्राइव्हला बायपास व्हॉल्व्ह असेल तर तो उघडायचा.

एक चूक फार जण करतात. बोट भरकटली, अलार्म वाजला, स्टँडबाय दाबलं आणि घाईत लगेच पुन्हा 'ऑटो'. ऑटो दाबल्या क्षणी बोटीचं तोंड जिकडे असेल तीच दिशा यंत्र नवीन ठरलेली दिशा म्हणून धरतं. अलार्म गप्प होतो आणि बोट निष्ठेने चुकीच्या दिशेला जात राहते. म्हणून आधी हाताने मूळ दिशेवर या, दहा-पंधरा सेकंद बोट स्थिर चालू द्या, मग ऑटो.

समुद्रातल्या टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत पाचवा नियम नजरेने आणि कानाने सतत पहारा ठेवायला सांगतो. ऑटोपायलट चालू आहे म्हणून त्यात सूट नाही. समुद्रातल्या जीवितरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय 'सोलास' कराराच्या पाचव्या प्रकरणातला 24 वा नियमही हेच धरून आहे: गर्दीच्या पाण्यात, धुक्यात किंवा धोक्याच्या जागी हाताने सुकाणू ताबडतोब घेता आलं पाहिजे. त्याचा रोख मोठ्या जहाजांवर आहे, पण दहा मीटरच्या बोटीवरही तो पाळण्यासारखाच आहे.

प्रश्न: मागून लाटा आल्या की 'ऑफ कोर्स' वाजत राहतो. अलार्मचा कोन 20 वरून 35 अंश केला तर चालेल का?

आवाज थांबेल, बोटीचं भरकटणं थांबणार नाही. हा अलार्म एवढंच सांगतो की ठरलेल्या दिशेपासून बोटीचं तोंड ठरावीक कोनापेक्षा जास्त (बहुधा 15 ते 20 अंश) आणि काही सेकंद सलग फिरलेलं आहे. का फिरलं ते तुम्हाला शोधायचं आहे. त्यासाठी अलार्म वाजत असताना सुकाणूच्या कोनाचा काटा बघा. बहुतेक निदान तिथेच होतं.

काटा एका बाजूला टोकाला गेला आहे आणि तरी बोट ऐकत नाही, असं असेल तर ऑटोपायलट निर्दोष आहे. त्याने होतं तेवढं सुकाणू दिलं, ते पुरलं नाही. शिडाची बोट असेल तर शीड जास्त आहे: मुख्य शीड लहान करा, ट्रॅव्हलर (मुख्य शिडाचा दोर आडवा सरकवणारा गाडा) वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला सोडा, पुढचं शीड राहू द्या. हाताने धरल्यावर चाक सतत एका बाजूला ओढत असेल तर तीच ओढ यंत्रालाही सोसावी लागते, आणि त्याची बॅटरी त्यात संपते. इंजिनवरची बोट असेल तर वेग थोडा वाढवून किंवा कमी करून बघा. फार कमी वेगात सुकाणूवरून पाणीच पुरेसं वाहत नाही.

काटा मध्याजवळच रेंगाळतो आहे पण मोटरचा आवाज येतो, तर ताकद सुकाणूपर्यंत पोचत नाही. क्लच घसरतो आहे, चाकावरच्या ड्राइव्हचा पट्टा ढिला आहे, पिन निसटली आहे, किंवा हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली आहे. हवा असेल तर चाक स्पंजासारखं लागतं आणि मोटर तुकड्यातुकड्याने सतत चालू राहते. तेलाची पातळी पाहून, तेल भरून हवा काढायची. पण तेल गेलं कुठून ते शोधल्याशिवाय नुसती भर घालत बसू नका. सिलिंडरच्या दांड्याजवळचं सील आधी बोटाने पुसून बघा.

तिसरं चित्र: काटा इकडून तिकडे मोठे झोके घेतो, पण नेहमी उशिरा. हा सेटिंगचा प्रश्न. दिशेतल्या चुकीला किती सुकाणू द्यायचं ते 'रडर गेन' ठरवतो, आणि वळण थांबवायला उलटं सुकाणू किती द्यायचं ते 'काउंटर रडर'. दोन्ही शांत पाण्यात, नेहमीच्या वेगात लावायचे. ऑटोवर असताना 40 अंशांचं वळण द्या. बोट चटकन वळून नवीन दिशेच्या पुढे फार तर 5 अंश जाऊन परत आली तर गेन बरोबर. त्याहून पुढे जाऊन नागमोडी चालली तर गेन जास्त. रेंगाळत वळली आणि दिशेवर यायला वेळ लावला तर कमी. मागून लाटा असताना याहून एखादा टप्पा वाढवावा लागतो. समोरून लाटा असतील तर कमी करा, नाहीतर यंत्र प्रत्येक लाटेशी भांडत बसतं.

हे सगळं करूनही वाजत असेल तर त्या लाटांत हाताने चालवा. माणूस मागून येणारी लाट पाहून आधीच सुकाणू देतो. यंत्राला ती तोंड फिरल्यावरच कळते.

प्रश्न: 'लो बॅटरी' येतो. बॅटरीवर मल्टिमीटर 12.4 व्होल्ट दाखवतो. कंट्रोल हेड (बटणं आणि पडदा असलेला भाग) बदललं, तरी तेच.

रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं झालं आहे. बॅटरीवर 12.4 आहे, पण कोर्स कॉम्प्युटरच्या (ड्राइव्हला हुकूम देणाऱ्या डब्याच्या) टर्मिनलवर, तेही मोटर जोर लावत असताना, किती आहे? मोजायचं तिथे आणि तेव्हा.

हिशोब करून पाहू. बॅटरी ते कॉम्प्युटर अंतर 6 मीटर, म्हणजे जाऊन येऊन 12 मीटर तार. तांब्याची तार 4 चौरस मिलिमीटरची असेल तर तिचा रोध साधारण 0.05 ओहम होतो. मोटर 15 अँपिअर घेत असताना तारेतच सुमारे 0.8 व्होल्ट जातात. सुकाणू सुरुवातीला हलवताना किंवा मोठ्या लाटेत प्रवाह क्षणभर दुप्पट झाला तर दीड व्होल्टहून जास्त. बॅटरीवरच्या 12.4 चे कॉम्प्युटरजवळ 10.8 उरतात, आणि इथेच अलार्म वाजतो. म्हणूनच तो शांत पाण्यात येत नाही, लाटांतच येतो. तार 10 चौरस मिलिमीटरची असती तर 15 अँपिअरला घट जेमतेम 0.3 व्होल्ट झाली असती.

जाड तार असूनही घट जास्त येत असेल तर जोड तपासा. एक जण ऑटोवर दिशा डावी-उजवी बदलत मोटरला काम देत राहील, दुसरा मल्टिमीटर घेऊन तुकडा तुकडा मोजेल: बॅटरीच्या धन टोकापासून ब्रेकरपर्यंत, ब्रेकरच्या दोन टोकांत, फ्यूजच्या दोन टोकांत, तिथून कॉम्प्युटरपर्यंत. मग ऋण बाजू तशीच. कुठल्याही एका जोडावर 0.1 व्होल्टहून जास्त घट दिसली तर चोर तिथे आहे. बहुतेक वेळा हिरवी पूड धरलेला लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) किंवा कोमट लागणारा फ्यूज होल्डर निघतो. ऋण बाजू तपासायला लोक विसरतात आणि दोष नेमका तिकडे असतो.

बॅटरीही संशयातून सुटलेली नाही. काही तास विश्रांती घेतलेली शिसे-आम्ल बॅटरी 12.7 व्होल्टला भरलेली आणि 12.2 ला साधारण अर्धी असते. जुनी बॅटरी विश्रांतीत 12.4 दाखवून भार पडताच बसते.

आणखी एक, ऑटोपायलटला इंजिन सुरू करायच्या बॅटरीवरून वीज देऊ नका. स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतकं खाली येतं की कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि सुरू होतो तो स्टँडबायमध्ये. त्या वेळी अलार्मही वाजेलच असं नाही. तुम्हाला वाटतं तो सुकाणू धरून आहे, आणि सुकाणू कोणाच्याच हातात नसतं.

प्रश्न: 'ऑफ कोर्स' वाजलाच नाही आणि बोट उथळ पाण्याच्या काठावर पोचली होती. सेन्सर बिघडला का?

कदाचित नाही, आणि या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑफ कोर्स बोटीचं तोंड बघतो, बोट जाते कुठे ते बघत नाही. 2 नॉटचा आडवा प्रवाह असेल तर तोंड अंशभरही न हलता बोट तासाभरात 2 सागरी मैल बाजूला सरकते. साध्या ऑटो मोडमध्ये यंत्राच्या दृष्टीने सगळं ठीक असतं, त्यामुळे ते गप्प राहतं. मार्गावरून सरकल्याचा अलार्म म्हणजे 'एक्सटीई'. तो चार्टप्लॉटरवर (नकाशा दाखवणाऱ्या पडद्यावर) मार्ग लावून ट्रॅक मोडमध्ये, म्हणजे त्या मार्गाच्या रेषेवर चालवणाऱ्या मोडमध्ये, गेलात तरच मिळतो. बऱ्याच यंत्रांत त्याची मर्यादा 0.3 सागरी मैल, म्हणजे सुमारे 555 मीटर असते. खडकाळ किनाऱ्याजवळ एवढं अंतर फार झालं, तेव्हा प्लॉटरवर मर्यादा कमी करता येत असेल तर करा.

दुसरी शक्यता होकायंत्राच्या सेन्सरची. त्याच्याजवळ कोणी पान्यांची पेटी, स्पीकर किंवा डब्यांची पिशवी ठेवली की त्याचं उत्तर सरकतं. यंत्राला वाटतं बोट फिरली, ते 'चूक' सुधारायला बोट खरंच फिरवतं, आणि पडद्यावर पुन्हा ठरलेलाच आकडा दिसतो. अशी चूक अलार्मला दिसत नाही. ती फक्त साध्या होकायंत्रावर दिसते. दर तासाला, आणि प्रत्येक पाळी बदलताना, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवा. फरक नेहमीपेक्षा 5 अंशांनी बदलला तरी कारण शोधा.

सेन्सर लोखंड, चुंबक आणि मोठ्या प्रवाहाच्या तारांपासून निदान 1 मीटर लांब हवा. बंदरात बांधलेल्या बोटीवर एक सोपी परीक्षा घेता येते: दिवे, फ्रिज, पंप एकेक करून चालू करा. एखादं चालू करताच पडद्यावरची दिशा सरकली तर त्याची तार सेन्सरजवळून जाते. ती लांब न्या, किंवा तिच्या धन आणि ऋण तारा एकमेकींभोवती पिळा, म्हणजे दोघींची चुंबकीय क्षेत्रं परस्परांना मारतात. त्यानंतर शांत, मोकळ्या पाण्यात सेन्सरचं कॅलिब्रेशन पुन्हा करायचं. संथ, सारख्या गतीने गोल फेऱ्या मारायच्या. अनेक यंत्रांना एका फेरीला 2 मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका. शेवटी विचलन 15 अंशांहून जास्त दाखवलं तर ती जागाच चुकीची आहे.

प्रश्न: वेपॉइंटजवळ (मार्गावर ठरवलेल्या बिंदूजवळ) पोचल्यावर वाजणाऱ्या अलार्मची पावती दिली नाही तर काय होतं?

बहुतेक यंत्रं स्वतःहून वळत नाहीत, आहे त्याच दिशेला पुढे जातात. हे मुद्दाम केलेलं आहे. वळायच्या बाजूला दुसरी बोट आहे की नाही हे यंत्राला माहीत नसतं. पावती देण्याआधी नवीन दिशा आणि वळण्याची बाजू पडद्यावर वाचा, त्या बाजूला बघा, मग दाबा. आणि वेपॉइंट बोयावर किंवा दीपस्तंभावर ठेवू नका, बाजूला ठेवा. जीपीएस आजकाल इतका नेमका आहे की बोट खरोखर बोयावर जाऊन आदळते.

प्रश्न: 'ड्राइव्ह स्टॉप' येऊन ऑटोपायलट सुटतो. पुन्हा लावला की अर्धा तास बरा चालतो.

या अलार्मचा अर्थ असा: कॉम्प्युटरने सुकाणू हलवायला सांगितलं आणि काही सेकंदांत कोन बदललेला त्याला दिसला नाही. म्हणजे सुकाणू हललं नाही, किंवा हललं पण खबर आली नाही. आधी हा फाटा सोडवा. स्टँडबायमध्ये चाक हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि पडद्यावरचा कोन बघा.

कोन उड्या मारत किंवा अडत गेला तर दोष सुकाणूच्या फीडबॅक सेन्सरचा. आत बहुधा पोटेन्शिओमीटर (फिरवल्यावर रोध बदलणारा भाग) असतो आणि तो मध्याजवळच झिजतो, कारण सुकाणूचं आयुष्य तिथेच जातं. मल्टिमीटरने रोध मोजत आर्म हळू फिरवा. आकडा सलग बदलायला हवा, मध्येच तुटला तर सेन्सर बदला. सेन्सर चांगला असेल तर त्याची दांडी बघा. दांडीचा सांधा ढिला झाला असेल तर सेन्सर खोटं सांगतो. तिथे सेल्फ-लॉकिंग नटच हवा, साधा नट थरथरीने सुटतो.

कोन नीट फिरला तर ड्राइव्हकडे वळा. तुमच्याकडे तो अर्ध्या तासाने येतो, म्हणजे गरम झाल्यावर. मोटरच्या कार्बन ब्रशची लांबी तपासा. अडलेली मोटर हलक्या टिचकीने पुन्हा चालू होत असेल तर ब्रश संपत आले आहेत. ऑटो दाबल्यावर क्लचचा 'खट' आवाज येतो का ऐका. येत नसेल तर क्लचच्या तारेवर व्होल्टेज मोजा. सुकाणूची मर्यादा भौतिक स्टॉपरच्या 5 अंश तरी अलीकडे लावलेली आहे ना, तेही बघा. नसेल तर प्रत्येक मोठ्या लाटेत ड्राइव्ह भिंतीवर डोकं आपटतो आणि गरम होतो. शेवटी पॉवर बंद करून चाक हाताने फिरवा: जड लागलं तर दोष सुकाणूच्या बेअरिंगचा किंवा केबलचा आहे, ऑटोपायलटचा नाही.

मागच्या कोठडीत हात घालण्याआधी ब्रेकर पाडा. हा ड्राइव्ह बोटं मोडण्याइतका ताकदवान असतो. आणि तिथे आधी दोर, फेंडर, बादली असलं काही आर्मच्या वाटेत पडलं आहे का ते बघा. बऱ्याचदा एवढंच निघतं.

प्रश्न: 'नो डेटा' कधी येतो, कधी जातो.

एनएमईए 2000 चं, म्हणजे बोटीवरची उपकरणं एकमेकांना जोडणारं, जाळं असेल तर सगळी पॉवर बंद करा आणि कुठल्याही मोकळ्या जोडावर पांढऱ्या आणि निळ्या तारेमधला रोध मोजा. 60 ओहम आला पाहिजे, कारण मुख्य केबलच्या दोन टोकांना 120 ओहमचे दोन टर्मिनेटर (टोकाचे रोधक) असतात. 120 आला तर एक टर्मिनेटर गायब आहे, 40 आला तर कोणीतरी तिसरा लावला आहे. मुख्य केबलमधून उपकरणाला जाणारी फांदी 6 मीटरपेक्षा लांब नको. हे सगळं बरोबर असेल तर टी-जोड एकेक हाताने हलवा. मास्टच्या (शिडाच्या खांबाच्या) बुडाशी पाणी शिरलेला जोड नेहमीचा गुन्हेगार.

प्रश्न: एसएसबी (लांब पल्ल्याच्या) रेडिओवर बोलायला बटण दाबलं की बोट वळते आणि अलार्म वाजतो.

रेडिओचं प्रक्षेपण सेन्सरच्या किंवा ड्राइव्हच्या तारांत शिरतं आहे. ऑटोपायलटच्या तारा एसएसबी आणि त्याच्या अँटेनाच्या तारेपासून 2 मीटर, व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याच्या) रेडिओपासून 1 मीटर दूर ठेवा. सेन्सरच्या तारेवर उपकरणाला चिकटून फेराइट (रेडिओ लहरी अडवणारी कडी) लावा आणि रेडिओचं अर्थिंग तपासा. हे होईपर्यंत बोलताना सुकाणू हातात घ्या.

प्रश्न: विंड मोडमध्ये 'विंड शिफ्ट' वाजला तर दिशा बदलायची की शीड?

आधी नकाशा बघायचा. विंड मोडमध्ये यंत्र वाऱ्याशी कोन राखतं, म्हणजे वारा 30 अंश फिरला तर बोटही 30 अंश फिरलेली असते. नवीन दिशेला पुढे काय आहे ते पाहून मग कोन ठेवायचा, पलटी मारायची की ऑटोवर जायचं ते ठरवा. वारा मागून असेल तर बोटीवर जाणवणारा वारा धरून चालवू नका. लाटेवरून बोट घसरत वेग घेते, जाणवणारा वारा पुढे सरकतो, यंत्र बोटीचं तोंड वाऱ्यापासून आणखी दूर नेतं, आणि वेग उतरताच वारा मागून पलीकडच्या बाजूला येऊन बूम (मुख्य शिडाखालचा आडवा दांडा) डेकवरून झपाट्याने फिरतो. खऱ्या वाऱ्याचा मोड असेल तर तो वापरा, नाहीतर ऑटो. दोन्हींत बूमला प्रिव्हेंटर (तो फिरू न देणारा दोर) बांधा.

प्रश्न: इंजिन चालू असताना अलार्म ऐकूच येत नाही.

कंट्रोल हेडमधला बझर लहान असतो. बहुतेक कोर्स कॉम्प्युटरना किंवा कंट्रोल हेडना बाहेरच्या बझरसाठी आउटपुट असतं. ते किती प्रवाह देतं ते पुस्तिकेत बघा, कमी असेल तर रिले लावा. एक बझर चाकाजवळ, एक झोपायच्या केबिनमध्ये. बसवून झाल्यावर इंजिन पूर्ण वेगात ठेवून, ऑटोवर असताना 'ऑफ कोर्स'चा कोन सगळ्यात कमी करा आणि मोकळ्या पाण्यात मुद्दाम अलार्म वाजवून घ्या. खाली झोपलेल्याला तो ऐकू आला का, ते त्यालाच विचारा. मग कोन परत जागेवर आणायला विसरू नका.